भाड्याचं घर, स्वतःचं सामान

हैदराबादच्या अंबरपेठेत घर भाड्यानं घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स म्हणून मोजावं लागतं, चालू महिन्याचं वेगळं. मधे दलाल असला तर त्याचे निराळे. सामानासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना पहिली कात्री इथंच लागते आणि घर अजून रिकामंच असतं.

रिकामं म्हणजे अगदी रिकामं. हैदराबादेत ज्याला ‘पोर्शन’ म्हणतात, तसं हे घर: मालक खाली, भाडेकरू वर किंवा मागच्या अंगाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओट्यावर कडप्पा, भिंतीत कडप्प्याच्याच फळ्या घातलेले कोनाडे. पंखेसुद्धा अनेकदा भाडेकरूनंच आणायचे आणि जाताना उतरवून न्यायचे. गोलनाका, तिलकनगर, बाग अंबरपेठ या भागांत ‘टू-लेट’च्या पाट्या लटकतात त्या अशाच घरांच्या. काचिगुडा स्टेशन हाकेच्या अंतरावर. नांदेड-परभणीकडचा माणूस तिथं उतरतो आणि जवळपासच घर शोधतो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही ये-जा काही आजची नव्हे.

नोकरीसाठी नांदेडहून आलेलं एक जोडपं असंच इथं राहायला आलं. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ॲडव्हान्स देऊन हातात पन्नास हजारांच्या आसपास उरले. दोघांनी एका रविवारी फर्निचरच्या दुकानात जाऊन सोफा, बॉक्सचा पलंग आणि तीन दारांचं कपाट एकदमच ठरवून टाकलं. टीव्ही हप्त्यांवर. घराची किल्ली हातात यायला अजून आठवडा होता, पण दुकानदारानं ‘आजचा भाव उद्या राहणार नाही’ म्हटलं. हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असं गिऱ्हाईक विरळच.

पुढचं सगळं ओळीनं झालं. बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना अरुंद, त्यातही मधे काटकोनात वळणारा. पलंग वर चढेना. सुटा करून वर नेला, सुताराला बोलावून पुन्हा जोडला. कपाट ज्या भिंतीला लावलं तिच्या पलीकडे न्हाणीघर होतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि कपाटाची पाठ फुगली. ओल नव्हती तिथंही खालच्या कडा सुटायला लागल्या. कारण साधं होतं. रोज फरशी पुसताना ओलं फडकं कपाटाच्या पायांशी लागायचं. वर्षभरात पायाजवळची सनमायका उचकटून आतला भुसा दिसायला लागला.

दुकानदारानं त्याला ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हटलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. या नावाखाली प्लायवूड येतं, एमडीएफ येतं आणि लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला पार्टिकल बोर्डही येतो. पार्टिकल बोर्ड वाईट नाही, पण त्याचे दोन शत्रू आहेत: पाणी आणि बिऱ्हाड हलवणं. एकदा फुगला की तो पूर्ववत होत नाही. आणि त्यातला स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड ढिली पडते. त्यामुळे सुटा करून जोडलेला पलंग दुसऱ्या दिवसापासून कुरकुरायला लागतो. या जोडप्याचा कुरकुरत होताच.

भाडेकरूला दर दोन-तीन वर्षांनी घर बदलावं लागतं, हे गृहीत धरलं तर खरेदीचा हिशेबच पालटतो. सामान या घरासाठी घ्यायचं नसतं, पुढच्या घरासाठी घ्यायचं असतं. जे जिन्यातून जाईल, ट्रॉली ऑटोत मावेल, दोनदा सुटं केलं तरी टिकेल आणि कुठल्याही आकाराच्या खोलीत बसेल, तेच घ्यावं. भिंतीच्या मापाचं कपाट, कोपऱ्यात बसणारा सोफा हे स्वतःच्या घराचे लाड आहेत.

अंबरपेठेत सामान जपून निवडायला आणखी एक कारण आहे. वस्तीचा एक काठ मुसी नदीला लागून आहे. २०२० च्या ऑक्टोबरात जो पाऊस झाला त्यात मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला होता, २०२५ च्या सप्टेंबरात तो पुन्हा बुडाला. नदीच्या अंगाला तळमजल्यावर घर घेणाऱ्यानं मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावं की तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. मालक ‘इथं कधीच येत नाही’ म्हणतो. शेजारी भिंतीवरची खूण दाखवतो. अशा घरात जमिनीला टेकणारी प्रत्येक वस्तू लोखंडाची किंवा भरीव लाकडाची हवी. प्लायवूड घ्यायचंच तर फळीवरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ या मानकातला एमआर दर्जा फक्त दमट हवा सोसतो, बीडब्ल्यूआर त्याहून जास्त पाणी सोसतो, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. तयार फर्निचरवर हा शिक्का सहसा दिसत नाही. मग बिलावर तसं लिहून मागावं. दुकानदार लिहून द्यायला कचरला की समजायचं ते समजावं.

आपल्याकडे लोखंडी कपाटाला सरसकट ‘गोदरेज’ म्हणायची रीत आहे. त्या कंपनीनं १९२३ मध्ये स्टीलचं कपाट बाजारात आणलं, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. कंपनीचं परवडत नसेल तर पत्र्याची कपाटं बनवणारे स्थानिक कारखानदार शहरात पुष्कळ आहेत. तिथं रंग बघायचा नाही, गेज विचारायचं. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, म्हणजे बावीसपेक्षा वीस गेज जाड. दार उघडून वरचा कोपरा हातानं दाबावा. पत्रा आत जाऊन ‘टक्’ करून बाहेर आला तर पुढच्या दुकानात जावं. कडी लावून दाराच्या फटीत बोट फिरवावं, फट वरून खालपर्यंत सारखी हवी. कपाटाच्या पायांखाली प्लॅस्टिकचे टोपणवजा बूट बसवून घ्यावेत, नाहीतर वर्षभरात फरशीवर गंजाचे चार ठसे उमटतात आणि घर सोडताना मालक त्याचे पैसे ॲडव्हान्समधून कापतो.

गादीच्या बाबतीत जुनी पद्धत अजून खर्चाला हलकी पडते. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते, गुंडाळून नेता येते, उन्हात टाकता येते. फोमची खचली की संपली. लोखंडी घडीची खाट आणि वर कापसाची गादी, एवढ्यावर सुरुवात केल्यानं कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

मग आधी घ्यायचं काय? पंखे, पाण्याचे ड्रम, शेगडी. याच क्रमानं म्हटलं तरी चालेल.

नव्या माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसतो आणि पूर्ण गॅस जोडणीला तो लागतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. सुरुवातीला पुरे. रबरी नळी मात्र आयएसआय शिक्क्याचीच घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. या ठिकाणी काटकसर नको.

पंख्यांचा हिशेब थोडा सविस्तर केला पाहिजे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे ३२. तेलंगणाच्या घरगुती दरपत्रकात २०० युनिट ही मोठी पायरी आहे. वापर शंभरच्या वर पण दोनशेच्या आत राहिला तर पहिली शंभर युनिटं ३ रुपये ४० पैशांनी आणि पुढची शंभर ४ रुपये ८० पैशांनी, म्हणजे दोनशेचे ८२० रुपये. एक युनिट जास्त झालं की आधीच्या दोनशेंनाही ५ रुपये १० पैशांचा दर लागतो, वरच्याला ७ रुपये ७० पैसे. २०१ व्या युनिटानं बिल हजारावर जातं, इतर आकार वेगळेच. शिवाय २०२४ च्या मार्चपासून गृहज्योती योजनेत रेशनकार्डधारकांना दोनशे युनिटांपर्यंत शून्य बिल येतं, पण नांदेडचं रेशनकार्ड तिथं चालत नाही. आणि पोर्शनला स्वतंत्र मीटर नसून मालकाचा सब-मीटर असेल तर तो ठरवेल तो दर. घर बघतानाच हे विचारून घ्यावं. फ्रीज केवढा घ्यायचा हे त्यावर ठरतं.

जुना फ्रीज स्वस्तात मिळतो, पण तो चोवीस तास वीज पितो. घ्यायचाच असेल तर दारात नोट अडकवून दार लावावं. नोट सहज ओढून निघाली तर दाराचं रबर गेलेलं. मागच्या बाजूला नव्यानं जोडल्याच्या खुणा दिसल्या तर गॅस पुन्हा भरलेला आहे, आणि तो कशामुळे गेला होता हे विक्रेता सांगणार नाही.

बाजारांचं म्हणाल तर हैदराबाद हे तुटपुंज्या पैशात संसार मांडायला चांगलं शहर आहे. भांडी आणि घरवापराच्या किरकोळ गोष्टींसाठी बेगम बाजार. स्टीलची भांडी तिथं वजनावर मिळतात, म्हणून जाड बुडाचं पातेलं किती जाड आहे ते काटाच सांगतो. दिवे, वायर, बटणं यांसाठी ट्रूप बाजार. पुरानापुलाजवळचा जुमेरात बाजार गुरुवारी भरतो. जुनं लाकडी स्टूल, लोखंडी मांडणी, पितळी डबे तिथं नशिबानं मिळून जातात. विजेच्या वस्तू तिथून न घेतलेल्या बऱ्या, आणि बिनबिलाची, किमतीच्या मानानं फारच नवी दिसणारी वस्तू तर नकोच. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणारा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात सापडतो.

नामपल्लीची नुमाइश, म्हणजे मोठं विक्री-प्रदर्शन, १ जानेवारीला सुरू होते आणि १५ फेब्रुवारीपर्यंत चालते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ती सुरू केली. पदरी भांडवल अडीच रुपयांचं होतं, असं सांगतात. तिथं शेवटच्या आठवड्यात जावं. परगावच्या विक्रेत्याला माल परत वाहून न्यायचा नसतो आणि घासाघीस करायला तो कधी नव्हे इतका राजी असतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला आयकिया आहे. भारतातलं त्यांचं पहिलं दुकान ९ ऑगस्ट २०१८ रोजी इथंच उघडलं, आणि दोनशे रुपयांच्या आतल्या हजारभर वस्तू ठेवल्याचं तेव्हा त्यांनीच जाहीर केलं होतं. मुसारामबागहून मेट्रो पकडावी, अमीरपेठला बदलावी, रायदुर्गला उतरावं. तिथं मांडून ठेवलेल्या छोट्या खोल्या फुकट बघता येतात आणि जागा कशी वापरावी हे डोक्यात घेऊन येता येतं. दोनशेच्या आतल्या पंधरा वस्तू गाडीत पडल्या की पलंगाचे पैसे गेले, एवढं भान ठेवावं.

हप्त्यांबद्दल थोडंसंच. ‘शून्य टक्के’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना परिपत्रक काढून बजावलं होतं. व्याज कुठल्यातरी नावानं येतंच. प्रक्रिया शुल्क असतं, कार्डावरच्या हप्त्यात व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाबरोबर सगळा खर्च एकत्र मांडलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. ते मागावं, आणि त्यातला वार्षिक टक्का तेवढा बघावा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देईना तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नांदेडच्या त्या जोडप्यानं टीव्हीचे हप्ते फेडले, सोफा खालच्या मजल्यावरच्या माणसाला निम्म्याहून कमी किमतीत विकला आणि कपाट भंगारवाल्याला दिलं. आता त्यांच्याकडे वीस गेजचं लोखंडी कपाट आहे आणि कपडे धुण्याच्या मशीनचा विचार चालू आहे. नळाला पाणी दिवसाआड, बोअरचं पाणी जड. दर धुण्याला चालू नळ लागणारं पूर्ण स्वयंचलित मशीन त्यामुळे बाद झालं. ड्रममधलं पाणी बादलीनं ओतता येईल असं सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं आहे, जिन्याचं माप घेऊन झालं आहे, फक्त नुमाइशीची वाट बघायची की दिवाळीतच घ्यायचं यावर अजून एकमत नाही.