बैलाला पुरणपोळी का बाधते?

प्रश्न : पोळ्याला बैलाला प्रेमाने पोटभर पुरणपोळ्या चारल्या. रात्री पोट फुगले, रवंथ बंद झाले. आम्हाला पचते ते त्याला का पचू नये?

उत्तर : माणसाचे अन्न आधी जठरातल्या आम्लात जाते आणि मग लहान आतड्यातल्या पाचकरसांनी पचते. बैलाचे तसे नाही. त्याचा चारा प्रथम कोठीपोटात जातो. शंभर लिटरहून मोठ्या या पोटात अब्जावधी जीवाणू कडबा आंबवतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. बैलाला बहुतेक ताकद तिथूनच मिळते. आपल्याकडे हे जीवाणू इतके नसल्याने कडबा आपल्याला पचत नाही.

गूळ, कणीक, शिजलेली डाळ एकदम पोटात गेली की भराभर आंबते आणि लॅक्टिक आम्ल साचते. कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ असतो, तो ५ च्या खाली घसरतो. उपयोगी जीवाणू मरतात, रक्तातले पाणी पोटाकडे ओढले जाते, जनावर मान टाकते. चारा चघळताना सुटणारी क्षारयुक्त लाळ एरवी हे आम्ल मारते, पण मऊ पोळीला रवंथ लागत नाही, म्हणून लाळही कमी सुटते.

असे झाले तर धान्य, पोळी लगेच बंद करा आणि पशुवैद्यकाला त्याच रात्री बोलवा. सकाळची वाट पाहू नका. नळीने जबरदस्तीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. पुढच्या पोळ्याला नैवेद्याचा एक घास द्या आणि पोट कडब्यानेच भरू द्या.