नळी किती लांब?

आमच्या लांज्याकडे बंदूक म्हणजे शेतीची. रानडुकरं आणि वानरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना काढलेली घरं गावोगाव आहेत. त्या घरांतल्या जुन्या माणसांचं एक ठाम मत असतं : नळी लांब, तर मार लांब. ठासणीच्या बंदुकीच्या काळात त्यात बरंच तथ्य होतं, कारण काळ्या दारूचा पुरता जोर घ्यायला लांब नळी लागायची. घोळ होतो तो हेच मत नेमबाजीच्या रायफलीला लावलं की.

माझ्या भाच्याचं तेच झालं. तो कोल्हापूरला पॉइंट टू-टू रायफलीने ५० मीटरवर नेमबाजी करतो. आयातीची वाट मोकळी झाल्यावर घरच्यांनी आंबा-काजूचे पैसे बाजूला टाकले आणि मापाची रायफल घडवून घ्यायचं ठरलं. विक्रेत्याने ३० इंची जाड बॅरल गळ्यात मारलं. मी तेव्हाच म्हटलं, "अरे, उभ्याने धरून तरी बघ आधी." त्यावर उत्तर आलं, "मामा, लांब बॅरल म्हणजे अचूक बॅरल."

आडवं पडून, म्हणजे प्रोनमध्ये, रायफल सुरेख चालली. उभं राहिल्यावर मात्र तिचं तोंड खाली ओढू लागलं. फोरसाइटच्या गोलातलं काळं वर्तुळ वर सरकायचं, भाचा डावा हात उचलायचा, की ते पुन्हा वर. मालिका संपेपर्यंत खांदा भरून यायचा. गुण उभ्याचेच गळत होते.

तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ५९७ गुणांनी जागतिक विजेतेपद मिळवलं, ते याच कोल्हापूरच्या मातीतून. पण प्रोन ही स्वतंत्र स्पर्धा २०१६च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली. राहिली ती थ्री पोझिशन. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं ते गुडघ्यावर, आडवं आणि उभं, असं तिन्ही अवस्थांत खेळून. म्हणजे आज टू-टूचं बॅरल निवडणाऱ्याला उभ्याची अवस्था टाळता येत नाही, आणि माझ्या मते लांबी तिथेच ठरवावी.

आता थोडं कारण. बॅरलची लांबी गोळीला वेग देते, नेम देत नाही. टू-टूच्या काडतुसात दारू चिमूटभर असते. पहिल्या १६ ते १९ इंचांतच गोळीने जवळपास सगळा वेग घेतलेला असतो, पुढे उरतं ते घर्षण. उलट जाडी तीच ठेवून २६ इंचांचं बॅरल ३० इंचांचं केलं, तर तेवढ्याच भाराखाली त्याचं टोक दीडपट लवतं. गोळी जास्त वेळ नळीत राहते अशी तक्रारही काही जण करतात. ती मला फारशी पटत नाही, कारण चार इंचांचा हिशोब सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या एक-तृतीयांशाएवढाच निघतो. हात त्याच्या आधीच हललेला असतो.

लांबीचा एक खरा फायदा आहे. पीप साइट आणि फोरसाइट यांच्यात जितकं अंतर, तितकी बघण्यातली चूक कमी. पण त्यासाठी पोलादच लागतं असं नाही. आखूड बॅरलपुढे अॅल्युमिनियमची हलकी पोकळ नळी बसवून फोरसाइट तिच्यावर चढवता येते. दुर्बीण लावून नेमबाजी करणाऱ्याला तर या अंतराशी देणंघेणंच नाही.

हजार यार्डांवर खेळायचं असेल तर गणित उलटं. तिथे गोळी लक्ष्यापर्यंत आवाजाच्या वेगाच्या वर राहिली पाहिजे, आणि ०.३०८च्या काडतुसाला दर इंचामागे सेकंदाला ६ ते ८ मीटर वेग मिळतो. म्हणून तिथले खेळाडू ३० इंच खुशाल घेतात. ते आडवेच पडलेले असतात. कोकणच्या डोंगरउतारावर तसं मैदान कुठलं? ज्या मैदानावर वर्षभर खेळणार, त्याच्या मापाने बॅरल घ्यावं.

मागणी देण्याआधी एक सोपी परीक्षा करा. क्लबची रायफल उघडून रिकामी आहे याची खात्री करा, तिच्या बॅरलच्या टोकाला शिशाचे छोटे तुकडे टेपने बांधा आणि उभं राहून पूर्ण सराव कोरडा काढा. वजन रोज थोडं वाढवा. जिथे तोंड खाली येऊ लागतं, त्याच्या अलीकडेच थांबायचं.

"मग कापून घेऊ ना," असं भाचा म्हणाला, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. सुटं बॅरलही कायद्याच्या लेखी शस्त्रच. शिवाय तोंडाची कड जरा वाकडी कापली गेली तर गोळी बाहेर पडतानाच तिरपी होते.

कोकणासाठी आणखी एक. पोलाद स्टेनलेस मागा, आणि पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका. तो फोम ओल धरतो आणि महिन्याभरात तांबेरा दिसतो.

मागणीपत्रात लांबी कुठून मोजली ते लिहून घ्या. बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत, जादा जोडनळी सोडून. बॅरलचं वजन ग्रॅममध्ये वेगळ्या ओळीत लिहायला लावा, आणि त्यावर विक्रेत्याची सही घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.