दोरी ओढण्याआधी, कॉक बंद केल्यावर

दापोलीकडच्या आमच्या बागेत पेट्रोलवर चालणारी तीन यंत्रं आहेत. पावसानंतर रान साफ करायला ग्रास कटर, मोहोरावर फवारणी करायला पंप आणि वीज गेली की जनरेटर. तिन्ही इंजिनं लहान, म्हणून कोणीही उठतो आणि दोरी ओढतो. माझं मत असं झालंय की यातले बहुतेक बिघाड आणि बरेचसे अपघात सुरू करण्याच्या घाईतून नाहीतर बंद करण्याच्या आळसातून येतात.

१. आधी ऑइल, मग पेट्रोल. आमचा ग्रास कटर टू-स्ट्रोक, त्याला पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. लिटरला २० ते ४० मिलीच्या दरम्यान, कंपनीनं सांगितलं असेल तेवढं मोजून. अंदाजपंचे नाही. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन बघता बघता जाम होतो. पंप आणि जनरेटर फोर-स्ट्रोक, त्यांचं ऑइल वेगळं. ते सपाट जागेवर ठेवूनच तपासायचं, उतारावर पातळी खोटी दिसते. मिसळलेल्या पेट्रोलच्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं की रोजची वादावादी वाचते.

२. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेल्या पेट्रोलला काडी लावावी लागत नाही. टाकी काठोकाठ भरू नये, वर थोडी जागा सोडावी. सांडलंच तर पुसून, वाळू देऊन, यंत्र तीनेक मीटर दूर नेऊन मगच सुरू करावं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवायची रीत मात्र बंदच झाली पाहिजे. उन्हातून आलेला माणूस बाटली हुंगून पीत नसतो.

३. दोरी ताकदीनं नाही, अंदाजानं ओढायची. कॉक उघडा, स्विच चालू, इंजिन गार असेल तर चोक बंद. दोरी आधी हळू ओढायची. जिथे अडते तिथून एक सरळ, दमदार ओढ. मूठ हातानं धरायची, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही; इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट त्याच्याबरोबर जातं. ओढल्यावर दोरी फटकन सोडूही नये, हातानं परत जाऊ द्यावी. इंजिन लागलं की चोक हळूहळू उघडायचा. चार-पाच ओढीत नाही लागलं आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल जास्त झालंय. चोक पूर्ण उघडून थोडं थांबायचं. चिडून ओढत राहिलं की प्लग आणखी भिजतो.

४. धूर दिसत नाही म्हणून धूर नाही असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस काही समजायच्या आत कोसळतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी बाहेर धो धो पाऊस आणि जनरेटरला ओल नको, म्हणून तो पडवीत किंवा खिडकीखाली ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. घरापासून लांब, धूर घराच्या उलट दिशेला आणि वर उघड्या बाजूंचं छप्पर, एवढं करावंच लागतं.

याहून वाईट प्रकार उन्हाळ्यात विहिरीवर होतो. पाणी उपसायचा पंप फार तर सातेक मीटर खालचं पाणी खेचतो. पाणी त्याच्याही खाली गेलं की लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. तिथे वारा नाही, धूर तिथेच साठतो. खाली गेलेला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. अशा बातम्या वाचूनही इंजिनं उतरवली जातात, याचा मला राग येतो.

५. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून सगळं घर उजळायची युक्ती गावोगाव चालते. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब पुन्हा हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड ओढून तेवढ्यावर भागवावं. उजेड मंद वाटतो म्हणून गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावू नये. इंजिनाचा वेग वाढला की दाब वाढतो आणि टीव्ही जातो.

६. ग्रास कटरची रेस सोडल्यावर पातं थांबलं पाहिजे. फिरत राहिलं तर आयडलिंग जास्त आहे, आधी ते कमी करून घ्यावं. डोळ्यांना चष्मा, पायात बूट, आणि १५ मीटरच्या आत कोणी नको. जांभा दगडाचा तुकडा पात्याला लागून कुठे उडेल हे सांगता येत नाही.

७. पात्यात वेल गुरफटली तर इंजिन बंद, प्लगची टोपी काढून बाजूला, मग हात. रेस सोडणं म्हणजे बंद करणं नव्हे.

८. बंद करताना आधी भार काढायचा. जनरेटरवरची उपकरणं बंद, पंपाचा दाब कमी, मग मिनिट-दोन मिनिटं इंजिन मोकळं चालू द्यायचं आणि स्विच बंद. लगेच कॉक बंद. कॉक उघडा ठेवून यंत्र टेम्पोतून नेलं की धक्क्यांनी पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑक्टोबरनंतर तापलेलं यंत्र सुक्या गवतावर टेकवायचं नाही. मोकळ्या मातीवर किंवा कातळावर ठेवायचं. सायलेन्सरच्या धगीनं बागेला वणवा लागायला वेळ लागत नाही.

९. ज्याचा हंगाम संपला त्याच्या पोटात पेट्रोल ठेवू नये. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात मग काय होणार! पाणी खाली बसतं, कार्बोरेटर गंजतो, बारीक छिद्रं चिकट थरानं बुजतात. म्हणून टाकी रिकामी करायची, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही सुकतो. जनरेटरचं असं करून भागत नाही, कारण त्याचा हंगामच पावसात. त्याला महिन्यातून एकदा ताजं पेट्रोल घालून, दोन दिवे आणि एक पंखा लावून, दहा-पंधरा मिनिटं चालवावं, आणि तेही अंगणाच्या पार टोकाला नेऊन.