लेकरांचा अभ्यास : दंडाने की लीलेने?

संप्रदायातील सज्जनहो, आणि विशेषेकरून घरात तीन ते आठ वर्षांचे लेकरू असलेल्या मायबापांनो, आजचा पाठ तुमच्याकरिता आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आमचा मुक्काम घरोघर पडतो. संध्याकाळी दिवा लागला की पुष्कळ घरांत एकच आवाज ऐकू येतो : “बस खाली. पुस्तक काढ. म्हण.” मग लेकरू रडते, आई चिडते, बाप हात उगारतो. देवघरातून आजी म्हणते, “अरे, आधी हरिपाठ म्हण, मग काय ते रड.” शाळेचा धडा आणि देवाचे नाम दोन्ही एकाच धाकाच्या दावणीला बांधलेली!

धाकाने शिकलेले धाक असेतो टिकते. पोर मोठे झाले, हात उगारणारा म्हातारा झाला, की पुस्तक सुटते आणि हरिपाठही सुटतो. ज्या घरात तीन पिढ्यांची वारी, त्या घरातला तरुण वीणा खुंटीवरून उतरली की हळूच बाहेर निघून जातो. तो नास्तिक झाला, असे एकदम म्हणू नका. लहानपणी अभंगाच्या जोडीने त्याला चापट मिळालेली असते. आता अभंग कानावर पडला की गालाला चापट आठवते. म्हणून हा प्रश्न पोरखेळाचा नव्हे. घरातली विद्या आणि घरातली वारी पुढच्या पिढीत जाणार की नाही, एवढा तो मोठा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : लहान मुलाला खेळ हीच विद्येची वाट आहे, आणि त्या वाटेने मुलाला न्यायचे तर मोठ्या माणसाने स्वतः खाली बसून खेळले पाहिजे.

पूर्वपक्ष

आता कोणी म्हणेल, “महाराज, खेळाने पोरं शेफारतात. शिस्त कुठून येणार?” या शंकेचा विचार आधी करू. हुतुतू खेळणारी पोरे पाहा. दम तुटला, गडी बाद. तो निमूट बाजूला जाऊन बसतो. लपंडावात ज्याच्यावर राज्य येते तो डोळे मिटून आकडे मोजतो. कोणी काठी घेऊन उभे नसते. जे पोर घरात चार वेळा हाक मारूनही ऐकत नाही, ते खेळाचा नियम पहिल्या शब्दात पाळते. मग शिस्त खेळात नाही असे कसे म्हणावे? धाकाची शिस्त बाहेरून बांधलेली असते, खेळाची शिस्त आतून धरलेली असते, एवढाच भेद.

दुसरी शंका अशी की, देवाधर्माच्या गोष्टी गंभीरपणे शिकवाव्यात, त्यांत हसणे-खिदळणे नको. अहो, हे वारकऱ्याने म्हणावे? रिंगणात अश्व धावून गेला की उडीचे खेळ रंगतात. सत्तरीचे आजोबा फुगडी घालतात, सुना-सासवा हात धरून गिरक्या घेतात. तुकोबारायांच्या गाथेत बाळक्रीडेचे अभंग आहेत. विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू, टिपरी, फुगडी हे सारे खेळ तेथे परमार्थ सांगायला उभे आहेत. एकनाथ महाराजांनी भारुडांत विंचू, जोगवा, कोडे अशी सोंगे घेतली आणि वेदान्त पारावर आणला. काल्याच्या कीर्तनात आम्ही कोणती कथा लावतो? गोपाळांच्या खेळाचीच. ब्रह्मसूत्रे तर जगाच्या उत्पत्तीलाच लीला म्हणतात. मग जो आजोबा रिंगणात फुगडी घालतो, त्यानेच घरी येऊन नातवापुढे छडी घ्यावी, हे कोणत्या शास्त्राला धरून आहे?

प्रमाण

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची कथा घ्या. बाराव्या वर्षी तो गुरुगृही गेला, चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून आणि पुष्कळ ताठा घेऊन घरी आला. पाठांतर झाले होते, वर्म कळले नव्हते. ते पित्याने, उद्दालकाने, घरी शिकवले. कसे शिकवले? वडाचे फळ आणवले, फोडायला लावले. आतले बी फोडायला लावले. “काय दिसते?” “काही नाही.” त्या काही न दिसण्यातून एवढा वड उभा राहिला, हे मग सांगितले. रात्री पाण्यात मीठ टाकवले आणि सकाळी म्हणाला, मीठ काढून दे. मीठ हाती लागेना. तेव्हा वरचे पाणी चाखवले, मधले चाखवले, तळचे चाखवले. ब्रह्मविद्या सांगायची तर ऋषीला फळ आणि मीठ लागले, आणि आपण सात दुणे चौदा कोरड्या तोंडाने शिकवू पाहतो!

पंचतंत्राचा विष्णुशर्मा ऐंशी वर्षांचा म्हातारा. राजाचे तीन मंदबुद्धी पुत्र त्याने सहा महिन्यांत गोष्टी सांगून नीतिशास्त्रात तयार केले, अशी कथा आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या गणिताच्या ग्रंथाचे नावच लीलावती. त्यात उदाहरणे येतात ती फुलांवर बसलेल्या भुंग्यांची, मानससरोवराकडे उडालेल्या हंसांची, खांबावरून सापावर झेप घेणाऱ्या मोराची. आणि ती एका बालिकेला लाडाने हाक मारून विचारलेली आहेत.

अलीकडचे प्रमाण हवे असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे घ्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द तिथला. विकतची साधने परवडत नव्हती, म्हणून पाने, शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. सरकारच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे सांगितले आहे. आमच्या आजीला हे धोरण ठाऊक नव्हते, तरी तिच्या भोंडल्यात ते होते. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. नवे एकच, पण जुनी सगळी पुन्हा म्हणायची. नऊ दिवसांत नऊ गाणी पाठ होत आणि पाठांतर केले असे एकाही मुलीला वाटत नसे. वर खिरापत ओळखायची, म्हणून शेवटपर्यंत कोणी उठत नसे.

प्रयोग

आता घरी करावयाचे चार खेळ सांगतो. यांना पैसा लागत नाही, माणूस लागतो.

पहिला, वारीचा पट. अंगणात खडूने किंवा रांगोळीने पंधरा घरे काढा आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वाट मांडा : आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. दोन चिंचोके मधोमध फोडा; एक बाजू पांढरी, एक काळी, असे चार फासे होतात. जितके पांढरे पडतील तितकी घरे पुढे जायचे. पुण्यात पालखीचा दोन रात्री मुक्काम, म्हणून तिथे एक डाव थांबायचे. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढायचा, म्हणून तिथे एक अभंगाचे चरण म्हणायचे. वाल्ह्याहून लोणंदला जाताना नीरा लागते, तिथे माउलींच्या पादुकांना स्नान. म्हणून हात जोडायचे. चार दिवसांत पोर मोजायला शिकते, गावांचा क्रम शिकते, आपली पाळी येईतो थांबायला शिकते. ज्याला अक्षरे येतात त्याने घरांत गावांची नावे लिहावीत. कवड्या टाकून खेळायचा मोक्षपट आपल्याकडे जुना आहे. त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत, आणि परंपरा त्याचे नाते माउलींशी जोडते. तेव्हा हा पट मांडताना संकोच नको.

दुसरा, चुकीचा चोर. आपण अभंग म्हणावा आणि मध्येच एक शब्द मुद्दाम चुकवावा. पोराने चोर पकडायचा. विठ्ठलाऐवजी वांगे म्हणा, पोर हसून लोळते. पण पुढचा खरा शब्द ऐकायला कान टवकारून बसते. पुढे चूक बारीक करीत जावे. आम्ही संस्कृत पाठशाळेत क्रमपाठ, जटापाठ शिकलो. त्यात वेदाची पदे पुढे-मागे उलटसुलट फिरवून म्हणतात, म्हणजे एक अक्षरही हलत नाही. हा खेळ त्याच जातीचा. त्याच्या जोडीला टाळ आणि पावली द्यावी. पाय नाचले की जीभ अडखळत नाही. पाढ्यांनाही हीच रीत लागू आहे.

तिसरा, धूळपाटी. ताटात बारीक वाळू किंवा तांदळाचे पीठ पसरा आणि बोटाने अक्षर काढा. पहिले अक्षर पोराच्या स्वतःच्या नावाचे. ते त्याला सगळ्यांत गोड. मग ‘राम’. धूळपाटीचा मोठा गुण हा की, चुकले तर हात फिरवला, पाटी कोरी. वहीवरची चूक लाल शाईने उभी राहते. धुळीतली चूक कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्याला चुकण्याची भीती नाही, तो लवकर शिकतो.

चौथा, स्वयंपाकघरातला. भाकरी मोडताना अर्धी, चतकोर, नितकोर असे म्हणत मोडा. “दोन चतकोर मिळून किती?” असे विचारू नका, एक चतकोर जास्त द्या आणि पोर स्वतः काय म्हणते ते ऐका. वाटाणे सोलताना शेंग उघडण्याआधी आत दाणे किती ते दोघांनी सांगायचे, मग उघडून मोजायचे. आई हरली की पोराला जो आनंद होतो, त्यात बेरीज-वजाबाकी दोन्ही येऊन जातात.

पथ्य

औषधाला पथ्य असते, तसे यालाही आहे.

खेळाची परीक्षा करू नये. पाहुणे आले की “काकांना म्हणून दाखव बरं” असे म्हणतात, ते टाळावे. त्या क्षणी खेळ मरतो आणि पोराचा तमाशा होतो. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. अभंग म्हटल्याबद्दल चॉकलेट देऊ नये. दिले तर अभंग ही चॉकलेटची किंमत ठरते, आणि चॉकलेट बंद होताच अभंगही बंद. दर वेळी मुद्दाम हरू नये. पोराला ते कळते आणि त्याचा खेळावरचा विश्वास जातो.

वेळ थोडा असावा, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. “अजून एक डाव” असे पोर म्हणत असतानाच पट गुंडाळावा. कीर्तनाचाही नियम हाच : श्रोता आणखी मागतो तेव्हाच आरती घ्यावी, म्हणजे तो उद्या येतो.

मोबाईल हाती देऊन “खेळ आणि शीक” म्हणणे, हे आम्ही सांगतो त्यात बसत नाही. त्या पाटीवर चित्रे असतील, आवाज असतील, पण समोर हरणारी आई नाही, हसणारा बाप नाही. पोराला तुमच्या तोंडाकडे पाहून शिकायचे असते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला खाली बसणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी पंधरा मिनिटे निघतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांनी आपल्याकडे मागून घ्यावे. म्हातारपणी यासारखी सेवा नाही.

सज्जनहो, यशोदेने कृष्णाला दाव्याने बांधू पाहिले, तेव्हा दोर दोन बोटे कमीच पडत राहिला, अशी भागवतात कथा आहे. शेवटी तो बांधला गेला तो आईच्या श्रमांची दया येऊन, आपल्या खुशीने. घरोघरच्या बाळकृष्णांचेही तेच आहे. तुमच्या दोराने ते बांधले जाणार नाहीत. त्यांच्याबरोबर तुम्ही अंगणात दमलात, म्हणजे ते आपण होऊन विद्येला आणि नामाला बांधून घेतील. उद्याच्या सायंकाळी पुस्तक काढण्याआधी दोन चिंचोके फोडून पाहा.

राम कृष्ण हरी.