मोजा, लिहा, मग कापा

संक्रांत जवळ आली की आमच्या सोलापुरात शिवणाऱ्या माणसाला फुरसत म्हणून नसते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वजाबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. बारा बंदांनी बांधायची म्हणून ती बाराबंदी. तऱ्हा जुनी, पण ती आजही हौसेने शिवून घेतात. इकडे घरोघर लहान मुलांचे बोरन्हाण होते. त्यांना काळे कपडे हवेत, वर हलव्याचे दागिने हवेत. मुलगी असली की आजी म्हणते, "परकर-पोलकंच शिवा."

अशाच एका संक्रांतीच्या आधीची ही हकीकत आहे. आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक बाई येत. दिवसा विड्या वळायच्या, रात्री मशीन चालवायची, असा त्यांचा क्रम. एके दिवशी त्या गाठोडे घेऊन आल्या. आत एक काळी नऊवारी इरकल होती. लाल काठ, लाल पदर.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, गिऱ्हाइकाच्या आईची आहे ही साडी. आई गेल्या. आता नातीला हिचा परकर शिवायचा म्हणतात. आणि उरलेली साडी लेकीला नेसता आली पाहिजे, असंही म्हणतात. माझा हात धजत नाही बघा."

हात का धजत नव्हता, ते आम्हाला ठाऊक होते.

एका आकड्याची चूक

आदल्या वर्षी बाईंकडे एका वयस्क बाईंचा छापील कापडाचा झगा शिवायला आला होता. जुन्या पद्धतीचा, गळा वर घेतलेला. मापाची चिठ्ठी मराठी आकड्यांत होती. 'मागचा गळा ४' असे तीत लिहिले होते. टेपेवरचे आकडे मात्र इंग्रजी होते. तेव्हा बाईंना वाचता येत नव्हते. चिठ्ठीतला आकडा जसा दिसला, तसाच आकडा त्यांनी टेपेवर शोधला. तो सापडला, तेथे खडूची खूण केली आणि कात्री चालवली.

इंग्रजी आठाचा आकडा मराठी चारासारखा दिसतो, वाचकहो! चार इंचांचा गळा आठ इंच कापला गेला. आखूड बाहीला पट्टी जोडता येते. खोल गेलेला गळा वर कसा आणणार? कापडाचे पैसे बाईंनी भरून दिले. पुढच्याच आठवड्यात त्या वर्गात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं मागनं शिकवा. आधी आकडे शिकवा."

मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांतही अशीच फसगत होते. म्हणून टेप हातात घ्या आणि एकापासून साठापर्यंतचे आकडे मोठ्याने वाचा. रोज वाचा. शिवणाऱ्या माणसाची ही बाराखडीच आहे.

जुनी तऱ्हा पुन्हा आली

सोलापूर हे कापडाचे गाव. १८७४ साली येथे पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण चादरी आणि टॉवेल विणले जातात, शाळांचे गणवेश शिवणारे कारखानेही पुष्कळ आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या गावाचे नाव दूरवर नेले. शेजारी कर्नाटकात बागलकोट जिल्हा आहे. तेथले इरकल गाव साडीसाठी आणि गुळेदगुड्ड गाव खणासाठी प्रसिद्ध आहे. हा माल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतो.

मध्यंतरी परकर-पोलके मागे पडले होते. आता पुन्हा हौस आली आहे. खणाचे झगे होतात, इरकलीचे कुडते होतात, आईच्या शालूचा मुलीला लग्नात घालायला घेरदार पोशाख होतो. जुन्या तऱ्हेची ओढ आपल्याकडेच आहे असे नाही. पॅरिस शहरात १९४७ साली दिओर नावाच्या शिंप्याने बारीक कमरेचे आणि मोठ्या घेराचे झगे काढले. युद्धाच्या काळात कापडाची टंचाई होती. लोक तोकड्या कपड्यांना कंटाळले होते. तो घेर पाहून जग हरखले. आजही ती तऱ्हा उकरून काढून शिवतात. आमच्या परकराला तर घेर पूर्वीपासूनच होता!

सांगायचे इतकेच की, ज्याला जुनी तऱ्हा शिवता येते त्याला आज काम आहे. पण असे कापड महाग असते. कधी ते एकुलते एक असते. तेथे अंदाज चालत नाही.

आधी कापड तपासा

आम्ही बाईंना म्हटले, "कात्री बाजूला ठेवा. आधी साडी पाहू."

साडी उजेडाला धरली. जुने कापड घडीवर विरते. जेथून उजेड जास्त येतो ती जागा कच्ची समजावी. पदराच्या दुसऱ्या टोकाला नऊ इंच कापड विरले होते. तेथे खडूने खूण केली.

मग ओले पांढरे फडके काठावर दाबून पाहिले. फडक्याला रंग लागला तर ते कापड दुसऱ्याबरोबर शिवण्याआधी नीट विचार करावा. लाल काठाचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरला, तर सगळी मेहनत वाया जाते. येथे रंग लागला नाही.

नवे सुती कापड असेल तर ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. अस्तरही भिजवून घ्यावे. वरचे कापड तसेच राहिले आणि आतले आटले, की पोलके जागोजागी ओढल्यासारखे दिसते. रेशमी आणि जरीचे कापड मात्र भिजवू नये.

दुकानात खण म्हणून जे मिळते, ते सगळे सूत-रेशीम नसते. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि जपून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते. पॉलिएस्टर वाईट असते असे नाही. पण ते कडक इस्त्रीने चिकटते, आणि दिवाळीच्या फटाक्यांजवळ मुलाच्या अंगावर ते असणे धोक्याचे. आपण काय शिवतो आहोत, ते आपल्याला ठाऊक हवे.

आता हिशेब

मुलगी आठ वर्षांची. कंबर २२ इंच, छाती २५ इंच, परकराची उंची २६ इंच, पोलक्याची उंची १३ इंच. ही मापे बाईंनी स्वतः घेतली होती आणि स्वतः लिहिली होती.

परकराच्या घेराला कमरेच्या तिप्पट कापड घ्यावे, म्हणजे चुण्या भरदार पडतात. २२ गुणिले ३ म्हणजे ६६ इंच. दोन टोके जोडायला २ इंच माया. झाले ६८ इंच.

उंची पाहू. परकर २६ इंच, नेफ्याला २ इंच, आणि आत एक इंचाची दुमड ठेवायला २ इंच. दुमड दुहेरी असते, म्हणून एकाला दोन धरायचे. झाले ३० इंच. ही दुमड आतून कच्च्या टाक्यांनी घालावी. पुढच्या वर्षी पोर वाढली की टाके उसवावेत, परकर दोन इंच लांब होतो. साडीचा काठ खालच्या बाजूला येतो, म्हणून खाली वेगळी पट्टी दुमडावी लागत नाही.

आता साडी. नऊ वार म्हणजे ९ गुणिले ३६, अर्थात ३२४ इंच. पण बाईंनी टेप लावली तर साडी ३१२ इंच भरली. जुनी साडी, धुऊन धुऊन आटलेली. पाहा, ऐकीव मापावर गेलो असतो तर बारा इंचांना मुकलो असतो!

३१२ मधून विरलेले ९ इंच वजा केले. राहिले ३०३. त्यातून परकराचे ६८ वजा केले. राहिले २३५. सहावारी साडीला ६ गुणिले ३६, म्हणजे २१६ इंच लागतात. म्हणजे लेकीला सहावारी नेसायला साडी पुरून वर १९ इंच उरतात. मात्र परकर पदराच्या उलट टोकाने कापला तरच! मधूनच कात्री घातली असती, तर ना धड परकर, ना धड साडी.

बाई बराच वेळ पाटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघींनाही पुरतंय की, गुरुजी."

पोलक्याला खण घेतला. छाती २५, सैल राहायला ३, झाले २८. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी १४ इंच, दोन्ही बाजूंची माया धरून १६. दोन्ही मिळून ३२. हुकपट्टीला ३. एकूण ३५ इंच. दुकानात कापड मीटरने मिळते आणि आपली टेप इंचांची. एक मीटर म्हणजे ३९ इंच आणि वर थोडे. तेव्हा एक मीटर खण पुरे. त्या खणाचा पन्हा ३० इंच होता. पोलक्याच्या उंचीला माया धरून १५ इंच लागले. उरलेल्या १५ इंचांच्या पट्ट्यात बाह्या निघाल्या. परकर कापताना साडीचा वरचा काठ उरला होता, तो बाहीला लावला. परकर-पोलके एकमेकांना शोभू लागले.

छापील कापडाची गोष्ट वेगळी

छापील कापडाला आपण चीट म्हणतो. एके काळी आपल्या देशातली चीट युरोपात इतकी खपू लागली की तिकडचे विणकर घाबरले. फ्रान्सने १६८६ साली तिच्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७२१ साली छापील सुती कापड अंगावर घालण्यालाच मनाई केली. आपल्या रंगाऱ्यांचे हात असे होते!

चीट कापताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, फूल कोणीकडे उभे आहे? सगळी फुले एकाच दिशेने उभी असतील तर पुढचा व मागचा भाग एकाच दिशेने ठेवावा. कापड वाचवायला एक भाग उलटा ठेवला, तर पाठीवरची फुले डोक्यावर उभी राहतात. अशा कापडाला थोडे जास्त कापड धरावे, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

दुसरी, मोठे फूल कोठे येते? ते छातीच्या मधोमध यावे. शिवणीत अर्धे कापले जाऊ नये.

तिसरी, रेघा किंवा चौकडी असेल तर दोन्ही बाजूंच्या रेघा शिवणीवर जुळल्या पाहिजेत. टाचण्या लावून, कच्चा टाका घालून, मगच मशीन चालवावे.

रेशीम आणि जर

लग्नाकार्याच्या कापडाला घाई सोसत नाही. टाचणीचे भोक रेशमावर राहते, म्हणून टाचणी मायेतच लावावी. रेशमाला ११ नंबरची बारीक सुई, साध्या सुती कापडाला १४ नंबरची, जाड कापडाला १६ नंबरची. जुन्या कापडाला टाका फार बारीक घालू नये. जवळजवळ भोके पडली की कापड तेथेच फाटते. जर अंगाला टोचते, म्हणून आत मऊ सुती अस्तर हवेच. इस्त्री उलट बाजूने, वर फडके ठेवून, कोमट करावी. आणि हे सारे आधी एका चिंधीवर करून पाहावे.

वही ठेवा

बाईंनी आता एक वही घातली आहे. दर गिऱ्हाइकाला एक पान. नाव, तारीख, कापड किती मीटर आले, कापडाला आधीच डाग किंवा भोक होते काय, सगळी मापे, ठरलेली शिलाई, मिळालेली उचल आणि कपडा द्यायचा दिवस. माप लिहून झाले की त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात. गळ्याचे माप तर आकड्यातही लिहितात आणि अक्षरातही. 'मागचा गळा ४, चार.'

साडी कापायच्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो नाही. ते काम त्यांचे होते. संक्रांतीनंतर त्या वर्गात आल्या. पेढे वगैरे काही आणले नव्हते. वही आणली होती. त्या पानावर खाली लिहिले होते, 'परकर-पोलके दिले. उरलेली साडी २३५ इंच परत दिली. शिलाई मिळाली.' त्याखाली गिऱ्हाइकाची सही होती. आणि शेजारी बाईंची, पहिल्यांदाच केलेली, जरा वाकडी, पण पुरी सही होती.

ध्यानात ठेवा

१. चिठ्ठीतला आकडा आणि टेपेवरचा आकडा वाचून जुळवा, नुसता पाहून नको.
२. ऐकलेले माप खरे धरू नका. स्वतः मोजा.
३. कापड तपासा, मग हिशेब लिहा. कात्री सर्वांत शेवटी.

सोडवा पाहू

१. मुलीची कंबर २४ इंच आहे. परकराला किती इंच घेर लागेल? माया विसरू नका.
२. साडी ३०० इंच भरली. त्यातून तो घेर कापला. उरलेली साडी सहावारी होईल काय?
३. घरातल्या एका माणसाचे माप घ्या. ते आकड्यात लिहा, अक्षरातही लिहा, आणि त्याला वाचून दाखवा.