घाट चढणारी वीज

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल लोणावळ्यास जात असतां कर्जत स्टेशनावर गाडी थांबली. फलाटावर वडे घेण्यासाठीं एकच गर्दी उडाली. एक विद्यार्थी मात्र शेवटच्या डब्यापाशीं उभा राहून, मागून येऊन जोडलीं जाणारीं एंजिनें पाहत होता. त्यानें आम्हांस विचारलें, "सर, घाट चढतांना अधिक एंजिनें लागतात हें समजलें. पण परत येतांना गाडी उतारानें आपोआप खालीं येते. मग चढतांना खर्च केलेली ती सारी शक्ति जाते कोठें?" इतक्यांत गाडी सुटण्याची शिट्टी झाली व उत्तर अर्धवट राहिलें. प्रश्न असा होता कीं, त्यांत आगगाडीच्या शंभर-दीडशें वर्षांच्या इतिहासाचें मर्म सांपडतें. म्हणून तें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घाटाची ओळख करून घेऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ती वाट सपाटीची होती. खरी परीक्षा सह्याद्रीनें घेतली. बोरघाटांत आगगाडीस सुमारें १८०० फूट वर चढावयाचें होतें. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले यांनीं आंखलेल्या या मार्गावर पंचवीस बोगदे खोदावे लागले. हजारों मजुरांनीं तेथें कष्ट केले, आणि त्यांतील पुष्कळ पटकीच्या सांथींत मरण पावले. १८६३ सालीं हा मार्ग खुला झाला. त्यावरील अतिशय तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. बैलगाडीच्या रस्त्यास असा चढ कांहींच नव्हे. परंतु गुळगुळीत लोखंडी रुळांवरून लोखंडी चाकांनीं शेंकडों टन ओढावयाचे, तेथें तो फार मोठा होय. शिवाय एके ठिकाणीं कड्यावर गाडी वळविण्यास जागाच नव्हती. म्हणून तेथें गाडी थांबवून एंजिन सोडावें, दुसऱ्या टोकास लावावें, आणि गाडी उलट दिशेनें पुढें न्यावी, अशी व्यवस्था करावी लागली होती.

आतां वाफेच्या एंजिनाची अडचण पाहा. तें आपली शक्ति आपल्या बरोबर वाहून नेतें. कोळसा, पाणी, भट्टी आणि बाष्पपात्र या सर्वांचें ओझें त्यालाच वर चढवावें लागतें. भट्टींत जितका कोळसा जळेल व जितकी वाफ होईल, त्याहून अधिक जोर तें आणूं शकत नाहीं. चढावर जेव्हां अधिक जोराची गरज, तेव्हांच तें धापा टाकूं लागे. बोगद्यांतून जातांना धुरानें ड्रायव्हर व फायरमन यांचा जीव घुसमटे.

विजेच्या एंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याची भट्टी दूर कोठेंतरी वीजघरांत असते. वर टांगलेल्या तारेंतून तें हवी तितकी वीज घेतें, आणि चढावर कांहीं वेळ नेहमींपेक्षां अधिकही घेऊं शकतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजेच हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी मुंबईंत सुरू झाली. बोरीबंदरचें व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून ती हार्बर मार्गानें कुर्ल्यास जात असे. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली या दुसऱ्या कंपनीच्या मार्गावरही विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. पुढें १९२९-३० मध्यें पुणें व इगतपुरी येथपर्यंत तारा पोहोंचल्या, आणि दोन्ही घाट विजेच्या टप्प्यांत आले. कंपनीनें याकरितां कल्याणजवळ ठाकुर्ली येथें स्वतःचें वीजघर बांधलें होतें. त्याच सुमारास बोरघाटांत नवे बोगदे काढून तो उलट फिरण्याचा थांबा रद्द करण्यांत आला. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर 'दख्खनची राणी' सुरू झाली.

घाटांतील मालगाड्यांसाठीं जीं एंजिनें आणिलीं, त्यांचा आकार मोठा मौजेचा होता. मध्यें चौकोनी घर व दोहों टोकांस लांब नाक, यांमुळें त्यांना 'मगर' हें नांव पडलें. वांकणांवर सहज वळतां यावें म्हणून त्यांचे भाग सांध्यांनीं जोडलेले होते. अशीं ४१ एंजिनें होतीं, आणि प्रत्येकाची शक्ति सुमारें २६०० अश्वशक्ति होती. त्यांपैकीं 'सर लेस्ली विल्सन' नांवाचें एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जतन केलेलें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गणित करूनच पाहूं. गाडी ५०० टनांची, म्हणजे ५,००,००० किलोग्रॅम वजनाची, व चढ एकंदर ५५० मीटर उंचीचा धरूं. गुरुत्वाकर्षणाचा अंक ९.८ घेऊन तिघांचा गुणाकार केला, तर सुमारें २७० कोटी जूल येतात. वीज मोजण्याचें एक युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल. म्हणून ही शक्ति सुमारें ७५० युनिट झाली. महिन्यास २५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ती तीन महिने पुरेल! ही शक्ति नाहींशी झालेली नसते. लोणावळ्यास उभ्या असलेल्या गाडींत ती उंचीच्या रूपानें सांठलेली असते. गाडी खालीं उतरूं लागली कीं, तीच शक्ति वेगाच्या रूपानें बाहेर पडूं पाहते. तिला कोठेंतरी वाट करून दिलीच पाहिजे; नाहींतर गाडी हातची जाईल.

जुनी वाट म्हणजे ब्रेकची. लोखंडी ठोकळे चाकांवर दाबावयाचे, म्हणजे ती सारी शक्ति उष्णता होऊन हवेंत जाते. ठोकळे तापतात, झिजतात, आणि फार तापले तर त्यांची पकड ढिली पडते. याच भयास्तव घाटांत चढणीचे आडमार्ग काढून ठेविलेले आहेत. गाडी ताब्यांत आहे असें दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी आडमार्गावर वळते व चढ लागून थांबते.

दुसरी वाट विजेनें दाखविली. एंजिनांतील मोटर वीज घेऊन चाक फिरविते. परंतु तेंच चाक उतारानें मोटरला फिरवूं लागलें, तर मोटर उलट वीज उत्पन्न करूं लागते. ही वीज तारेंत परत सोडली, म्हणजे त्याच वेळीं घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस ती उपयोगीं पडते. वीज उत्पन्न करण्याचें ओझें मोटरवर पडल्यामुळें गाडीचा वेगही आंवरला जातो. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खालीं जातांना दुसऱ्यास वर येण्यास मदत करतो, त्यांतलाच हा प्रकार. 'मगर' एंजिनांत ही सोय होती. आजच्या नव्या एंजिनांत ती अधिक सुधारलेली आहे. सगळीच वीज परत मिळत नाहीं. घर्षणांत व तारांत कांहीं भाग जातोच. तरी आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच कीं, ती शक्ति एक तर उष्णता होऊन वायां जाते, नाहींतर तारेंतून दुसऱ्याच्या कामीं येते. यांपैकीं काय व्हावें, हें मनुष्याच्या बुद्धीवर अवलंबून आहे.

परंतु चांगली युक्तिदेखील कायमची नसते. पहिल्या तारांत १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. २६०० अश्वशक्तीस ढोबळ मानानें तिच्यांतून सुमारें १३०० अँपिअर प्रवाह घ्यावा लागे. त्यामुळें तारा जाड लागत, आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रें बांधावीं लागत. तीच शक्ति २५,००० व्होल्टनें घेतली, तर केवळ ७८ अँपिअर पुरतात. तारेंतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें, त्याच तारेंत तें सुमारें २७८ पटींनीं घटतें. १९५० नंतरच्या दशकांत देशानें ही २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज पसंत केली. मुंबईची रोजची वाहतूक चालूं ठेवून येथील जुनी पद्धति टप्प्याटप्प्यानें बदलण्यांत आली; मधल्या काळासाठीं दोन्ही विजांवर चालणारीं एंजिनें व लोकल गाड्या बांधल्या गेल्या. योगायोग असा कीं, ज्या हार्बर मार्गावर १९२५ सालीं आरंभ झाला, त्याच मार्गावर एप्रिल २०१६ मध्यें जुन्या विजेची अखेर झाली.

शेवटीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनावर कोरून ठेवावी, आणि पालकांनींही घरीं तिची आठवण द्यावी. २५,००० व्होल्टच्या तारेस हात लावण्याचीही गरज नसते; जवळ जातांच वीज हवेंतून झेंप घेते. डब्याच्या टपावर चढणें, पुलावरून तारेकडे काठी किंवा छत्री लांबविणें, तारेंत अडकलेला पतंग ओढणें, हीं कृत्यें प्राणावर बेततात. जी शक्ति ५०० टनांची गाडी सह्याद्रीवर नेते, तिच्यापुढें आपल्या देहाचा पाड तो काय? तिला ओळखावें, तिचें गणित करावें, पण तिच्याशीं खेळूं नये.

पुढच्या खेपेस घाट उतरतांना खिडकीबाहेर अवश्य पाहावें. शेजारच्या रुळांवरून एखादी गाडी धिमेपणानें वर चढत असेल. आपल्या गाडीनें सोडलेली वीज कदाचित् तिच्याच चाकांत खेळत असेल.