गोळीचा वेग आणि काडतुसाची परीक्षा

पिस्तुलातून सुटलेली गोळी डोळ्यांना दिसत नाही. मग तिचा वेग कसा मोजावा? या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात दिले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

रॉबिन्सचा लंबक

रॉबिन्सने एक जड लंबक टांगला व त्याच्या लाकडी पृष्ठभागावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतून बसे व लंबक मागे झुले. तो किती झुलला हे त्याला जोडलेल्या फितीवरून समजे. अतिवेगवान वस्तूचे मोजमाप अशा रीतीने मंद गतीच्या मोजमापावर आले.

एक उदाहरण घेऊ. गोळीचे वस्तुमान ८ ग्रॅम असून गोळीसह ठोकळ्याचे वस्तुमान ४ किलोग्रॅम आहे. आघातानंतर ठोकळा २.३६ सेंटिमीटर वर चढला. एवढ्या उंचीवर जाण्यास आरंभीचा वेग सेकंदाला ०.६८ मीटर असावा लागतो. आघाताच्या आधीचा व नंतरचा एकूण संवेग समान असतो. हलणारे वस्तुमान ५०० पट झाले. म्हणून गोळीचा वेग ०.६८ च्या ५०० पट, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर होता.

येथे गतिज ऊर्जेवरून हिशेब करता येणार नाही. गोळीची ऊर्जा सुमारे ४६२ जूल होती. झुलणाऱ्या ठोकळ्यात एक जूलही उरली नाही. बाकीची लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात व उष्णतेत खर्च झाली. संवेगाचा मात्र असा व्यय होत नाही.

आजची पद्धत

आता नेमबाजीच्या मैदानावर वेगमापक यंत्र ठेवतात. त्यात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक असतात. एका संवेदकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास गोळीला लागलेला काळ यंत्र मोजते. अंतर १ मीटर असेल, तर वरील गोळीला सेकंदाचा ३४० वा भागच लागेल.

अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवी टोपी, दारू व गोळी बसवून घरीच काडतुसे तयार करतात. त्यांची परीक्षा याच यंत्राने होते. समजा, एका संचातील पाच गोळ्यांचे वेग सेकंदाला ३३८, ३४१, ३३६, ३४३ व ३४२ मीटर आले. दुसऱ्या संचातील ३२०, ३५८, ३३१, ३४९ व ३४२ आले. दोन्हींची सरासरी ३४० च आहे. परंतु पहिल्या संचात सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वेगांतील अंतर ७ आहे, तर दुसऱ्यात ३८. दुसरा संच एकसारखा नाही. सरासरी पाहून जो थांबेल, त्याला हा दोष दिसणारच नाही.

वेगमापकाची मर्यादा

वेग योग्य आला म्हणजे काडतूस निर्धोक ठरले, असे नव्हे. नळीतील वायूचा दाब वेगमापक दाखवीत नाही. तो मोजण्यासाठी तांब्याची लहान नळकांडी किती चेपली गेली हे पाहतात, अथवा दाबाने विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा उपयोग करतात. ही साधने प्रयोगशाळेची आहेत.

एक धोका तर कानानेच ओळखावा लागतो. दारू कमी पडली वा मुळीच पडली नाही, तर बार क्षीण वाजतो व गोळी नळीतच अडकू शकते. त्यावर दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटून नेमबाजाला व शेजाऱ्यांना गंभीर इजा होते. म्हणून क्षीण आवाज येताच नेमबाजी थांबवावी, नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवावे आणि शस्त्र रिकामे करून नळी मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत पुढील बार काढू नये.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्याशिवाय काडतुसे बनविता येत नाहीत. परंतु या परीक्षेतील धडा कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडणारा आहे: उपकरण जे मोजते तेवढेच त्याच्याकडून समजून घ्यावे, आणि जे ते मोजीत नाही त्याविषयी निश्चिंत राहू नये.